आकुन मिस्त्रीची पत्रं

चिनी भाषा येते असं कळलं की आमच्या गिरगावात लोक दोनपैकी एक गोष्ट करत. एक तर ‘काहीतरी बोलून दाखवा ना’ म्हणत, नाहीतर घरातली चिनी मातीची बरणी आणून माझ्यासमोर उपडी करत. बोलून दाखवायला मी काही पोपट नव्हे, पण उपड्या बरण्या मात्र मी चिकार वाचल्या. बहुतेकींच्या बुडाशी कारखान्याचं नाव असे. ठाकुरद्वारच्या एका जुन्या, खानदानी घरात तर दिवाणखान्यात एक रेशमी पट टांगलेला होता. पणजोबा व्यापारानिमित्त चीनला गेले तेव्हा तिथल्या दरबाराने त्यांना दिलेलं मानपत्र, अशी त्याची ख्याती. मला मुद्दाम जेवायला बोलावून तो वाचायला लावला. मी वाचला. ते एका वैद्याच्या दुकानाचं फलक-वस्त्र होतं, खोकला आणि मूळव्याध यांवर खात्रीचे उपाय. मी जसंच्या तसं सांगून टाकलं. त्या घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं त्यानंतर आलं नाही.

मी दादरच्या एका मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते आणि उरलेल्या वेळात चिनी कथा मराठीत आणत होते. पुढे आधुनिक चीनच्या इतिहासावर थोडंफार लिहिलं, ते काही वाचकांना ठाऊक असेल. संपादकांनी ‘कामातले अनुभव लिहा’ म्हटलं तेव्हा त्यांच्या मनात ती पुस्तकंच असणार. पण ज्या भाषांतराने मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कुठे छापलेलं नाही. ते घोडपदेवातल्या एका बाईसाठी केलं होतं, आणि ते माझ्या हातून चुकलं.

आधी हे काम कसं चालतं ते सांगते. चिनी लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही. एकेका शब्दाचं एकेक चित्र, आणि ते कोशात शोधायचं तर त्याचा मुख्य भाग ओळखायचा, मग उरलेल्या रेघा मोजायच्या. एक रेघ मोजायची चुकली की कोशाची भलतीच पानं धुंडाळत बसायचं. माझे वडील कचेरीतून निवृत्त झालेले, दिवसभर खिडकीत बसून वर्तमानपत्र वाचत. मला बोटांवर रेघा मोजताना पाहून म्हणत, “कुमुद, तुझं भाषांतर चाललंय की पंचांग?” मी दोन वर्षं बंगालात राहून ही भाषा शिकले. तिथले आमचे चिनी गुरुजी वाळलेल्या शेंगेसारखे बारीक आणि शिस्तीचे भलतेच कडक होते. त्यांचा नियम एकच: मुळात आहे ते गाळायचं नाही, मुळात नाही ते घालायचं नाही. एकदा मी एका गोष्टीत ‘बिचारी’ हा शब्द पदरचा घातला, तर त्यांनी अख्खी वही परत केली. तेव्हापासून तो नियम माझ्या हाडीमाशी मुरला. मला त्याचा अभिमान होता, आणि थोडी घमेंडही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा तो शेवटचा टप्पा. गिरगावात रोज कोपरासभा, भिंती घोषणांनी रंगलेल्या. परळच्या एका कामगार मंडळाने मला व्याख्यानाला बोलावलं, विषय ‘नवा चीन’. व्याख्यान संपल्यावर पहिलाच प्रश्न आला, “बाई, चीनमध्ये भाषावार प्रांत आहेत का?” मी म्हटलं, तिथे बोलतात निरनिराळं आणि लिहितात एकच. मागून कोणीतरी ओरडलं, “म्हणजे तिथंबी द्विभाषिकच लादलंय!” सभा हसून उठली आणि माझी उरलेली टिपणं पिशवीतच राहिली.

त्याच सुमारास रुक्मिणी आमच्या घरी आली. आमच्या नाक्यावर दातांचे एक चिनी डॉक्टर होते, तिची पत्रं तेच वाचून दाखवत. ते दवाखाना बंद करून कलकत्त्याला मुलीकडे गेले आणि जाताना त्यांनी तिला माझा पत्ता दिला. पस्तिशीची असेल. अंगाने काटक, काष्ट्याचं लुगडं, कपाळावर आडवं ठसठशीत कुंकू. भाऊच्या धक्क्यावरून मासे घेऊन भायखळ्याच्या बाजारात बसायची. मूळची मालवणकडची. नवरा चिनी, गोदीतला सुतार. घोडपदेवात त्याला सगळे आकुन मिस्त्री म्हणत आणि हिला चिनीण. आई आजारी म्हणून तो तीन वर्षांपूर्वी चीनमधल्या त्याच्या गावी गेला होता, तो कागदपत्रांत तिथेच अडकला होता. त्याला मोडकंतोडकं हिंदी आणि मालवणी बोलता येई, पण लिहिता येई ते फक्त चिनी. आणि तिला कुठलंच अक्षर येत नव्हतं.

“डॉक्टर वाचून काय सांगायचे?” मी विचारलं.

“सब अच्छा है,” ती म्हणाली. “चार पानां असोत नायतर एक, सब अच्छा है. माका ठाऊक आसा, बाई. चार पानांत इतक्याच नसतला.”

तिने आणलेलं पत्र मी तिला शब्दन् शब्द वाचून दाखवलं. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय. गावात आता सगळ्यांची चूल एकच केलीय, मोठ्या पातेल्यात शिजतं, त्यामुळे स्वयंपाक करावा लागत नाही. नदीतले मासे आहेत, पण तुझ्या हातच्या मोरी माशाच्या कालवणाची सर नाही. नवीन होडीच्या फळ्या ओल्या लाकडाच्या दिल्यात, त्या फाटणार, मी सांगितलं पण ऐकत नाहीत. हिवाळ्यात गुडघा दुखतो. ती पदर तोंडाला लावून ऐकत होती. मला वाटलं रडतेय. बघते तर हसत होती.

“इतक्या बोलता होय तो! घरात दोन शब्द काढूचे तर माका भांडूचा लागायचा.”

त्यानंतर पत्र आलं की ती सकाळी बाजारातून परस्पर यायची. अंगाला माशांचा वास म्हणून उंबऱ्याशी बसायची. वडील म्हणायचे, “अहो बाई, आत बसा,” ती ऐकायची नाही. मी वाचायची, ती परत वाचायला लावायची, आणि दुसऱ्यांदा ऐकताना पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणायची. मला आमच्या शाळेतल्या मुलींपेक्षा हिचं पाठांतर चांगलं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर माझ्या कथा छापणाऱ्या प्रकाशकापेक्षा ही वाचक जास्त आवडायची.

तिचा थोरला भाऊ भिकाजी कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. त्याच चाळीत दोन खोल्या पलीकडे राहायचा. चिनी माणसाशी लग्न केलं म्हणून दोन वर्षं तो बहिणीशी बोलला नव्हता, मग मिस्त्रीनेच त्याच्या खोलीचा पोटमाळा बांधून दिला तेव्हा बोलायला लागला. चळवळीत तो आघाडीवर. चाळीतल्या सगळ्यांची पत्रं लिहायचं आणि वाचायचं कामही त्याच्याकडे. मिस्त्री आता येत नाही, तू गावी जा, असं त्याचं बहिणीमागे टुमणं असायचं. ती म्हणायची, येतलो. यापलीकडे तिला काही नको होतं. खोलीचं भाडं, धंदा, सणवार सगळं तिचं ती बघत होती. तो येणार की नाही, एवढंच एक तिच्या हातात नव्हतं.

श्रावणात जे पत्र आलं ते रुक्मिणीने स्वतःला ताप होता म्हणून शेजारच्या मुलीबरोबर माझ्याकडे पाठवलं; मुलगी ते ठेवून लगेच परतली. मी वाचलं आणि उडालेच. बाहेरदेशी घरदार असलेल्या काही लोकांना परत जाऊ देणार आहेत, मिस्त्रीने लिहिलं होतं. माझं नाव यादीत घेतील, पण माझी बायको हयात आहे, मुंबईत माझी खोली आहे आणि गोदीत मला काम देतील, असे कागद इथे आले पाहिजेत. शरदातल्या पौर्णिमेच्या आत. ती पौर्णिमा म्हणजे आपले गणपती बोळवले की येते ती. हातात जेमतेम दीड महिना, आणि टपालालाच तीन आठवडे.

खरं तर मी तेव्हाच उठून घोडपदेवला जायला हवं होतं. परळला मोर्चा होता, बसगाड्या अडवल्या होत्या, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की माझ्या कथासंग्रहाची प्रुफं टेबलावर येऊन पडली होती आणि प्रकाशक घाई करत होता. भिकाजीला वाचता येतं, तोच कागद जमवेल, असा हिशेब करून मी पत्राचं भाषांतर स्वच्छ अक्षरांत लिहिलं आणि टपालात टाकायचं ठरवलं.

लिहायला बसले तेव्हा माझा हात सवयीने कागदाच्या माथ्यावर गेला. श्री लिहायला. आणि मी थांबले. श्री कोणाची? आकुन मिस्त्रीने तर लिहिलेली नाही. मुळात नाही ते घालायचं नाही. मी हात आवरला, आणि आवरल्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. ‘चिरंजीव सौभाग्यवती’ही लिहिलं नाही, कारण तेही मुळात नव्हतं. चिनी पत्राची सुरुवात ज्या ठरीव वाक्याने होते, आपल्याकडच्या साष्टांग नमस्कारासारखं, तेच पहिल्या ओळीत नेमकं उतरवलं: ‘हे पत्र हाती पडेल तेव्हा मीच समोर आलो असं समज.’

पत्र टाकलं आणि मी प्रुफांत बुडाले. रुक्मिणी आली नाही. मला वाटलं, कागद जमवायच्या गडबडीत असेल. गणपती आले, गेले, पौर्णिमाही झाली. पितृपक्षात एका दुपारी शाळा लवकर सुटली तेव्हा मला एकदम आठवलं की उत्तर लिहून घ्यायला तरी तिने माझ्याकडे यायला हवं होतं, चिनीत लिहिणारं दुसरं कोण आहे? मी तशीच भायखळ्याला उतरून घोडपदेवला गेले.

रुक्मिणी खोलीच्या दाराशी तांदूळ निवडत बसली होती. कपाळ पांढरं. हातात बांगडी नाही. गळा मोकळा.

“अगं, काय झालं हे?” मी म्हटलं.

तिने वर पाहिलं. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “तुमीच कळवलात, आनी तुमीच इचारतास?”

भिकाजी रात्रपाळी करून झोपला होता, त्याला कोणीतरी उठवून आणलं. जे घडलं ते असं. पोस्टमनने पाकीट भिकाजीच्या हातात दिलं, त्याने गॅलरीतच उघडलं. माथ्यावर श्री नाही. ज्याच्या माथ्यावर श्री नाही ते पत्र मरणाचं, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावं लागत नाही. ते घरात नेत नाहीत, उंबऱ्याबाहेर वाचतात आणि फाडून टाकतात. भिकाजीला तर ते जास्तच ठाऊक. काही वर्षांपूर्वी चळवळीत गोळीबार झाला तेव्हा घोडपदेवातली, लालबागेतली माणसं पडली होती, आणि त्यांच्या गावी बिनश्रीची कार्डं याच भिकाजीने स्वतःच्या हाताने लिहिली होती. त्याने पहिली ओळ वाचली: हे पत्र हाती पडेल तेव्हा मीच समोर आलो असं समज. त्यापुढे वाचायची त्याला गरजच वाटली नाही. त्याने कागद फाडला, गटारात टाकला आणि बहिणीच्या दारात जाऊन बसला. तिने बघितलं आणि ओळखलं. शेजारणींनी बांगड्या फोडल्या. बाणगंगेवर नेऊन दहावंही केलं.

मूळ पत्र तिला परत द्यायचं म्हणून माझ्या पिशवीतच पडून होतं. मी ते काढलं आणि तिथेच गॅलरीत मोठ्याने वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. चाळ गोळा झाली होती.

संपल्यावर रुक्मिणीने विचारलं, “पुनव झाली काय?”

“झाली.”

भिकाजीचा चेहरा लाल झाला होता. “बाई, तुम्ही शिकलेली माणसं. एक श्री लिवक तुमची शाई सरली होती?”

मुळात नव्हती म्हणून? गुरुजींनी शिकवलं म्हणून? घोडपदेवाच्या त्या गॅलरीत माझं सगळं शास्त्र मला पोरकट वाटलं. मी फक्त “चुकलं” म्हटलं. भिकाजीने तोंड फिरवलं. पण चुकलं त्याचंही होतं, दुसरी ओळ वाचली असती तर कळलं असतं, आणि ते त्यालाही कळत होतं, म्हणून तो जास्त चिडला होता. रुक्मिणी एव्हाना उठली होती. शेजारणीच्या दारात जाऊन म्हणाली, “गो, कुकवाची डबी दी बघू. माझी मी देवन टाकलंय.” आणि कुंकू लावून, हात पुशीत परत आली. “दादा, तू गोदीत जा. बाई, तुमी हयच बसा. कागद लिवा.”

भिकाजी दोन दिवस खाडे करून गोदीतल्या मुकादमाची चिठ्ठी आणि बायको हयात आहे, खोली तिच्याकडेच आहे, असा घरमालकाचा दाखला घेऊन आला. मी त्यांची चिनी भाषांतरं करून विमान टपालाने पाठवली. उशीर का झाला ते मात्र रुक्मिणीने लिहू दिलं नाही. “हसात आमका,” ती म्हणाली. तेव्हापासून मी कोणाच्याही घरगुती पत्राचं भाषांतर केलं की माथ्यावर श्री घालते. पाद्र्याचं असो नाहीतर मुल्लाचं. गुरुजी हयात नव्हते, नाहीतर त्यांनाही मी हे कळवलं असतं.

त्या हिवाळ्यात सगळंच बिनसत गेलं. सरहद्दीवरच्या बातम्या रोज पहिल्या पानावर येऊ लागल्या. काल भाई-भाई म्हणणारे आज माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहू लागले. प्रकाशकाने प्रुफं परत पाठवली, सोबत चिठ्ठी: सध्या वातावरण बरं नाही, पुढे बघू. ज्यांच्यासाठी मी ते पत्र टपालात टाकून मोकळी झाले होते, त्या कथा पुढे कितीतरी वर्षं माझ्या कपाटात पडून होत्या.

मिस्त्रीचं उत्तर डिसेंबरच्या अखेरीस आलं. कागद पोचले, पण यादी गेली होती. पुन्हा कधी निघेल ते कोणी सांगत नाही. मला नदीकाठच्या होड्यांच्या कारखान्यात लावलंय. एकट्या माणसाला खोली देत नाहीत म्हणून मी आणि आई चुलतभावाच्या पडवीत राहतो. आईला आता दिसत नाही. शेजारची एक विधवा बाई तिला जेवू घालते, तिचं सगळं करते. गावातले वडीलधारे म्हणतात हिच्याशी लग्न लाव, खोली मिळेल. मी त्यांना सांगितलंय की माझी बायको मुंबईत आहे. मी दुसरं लग्न करणार नाही. दहा वर्षं लागली तरी वाट बघेन.

दातांचे ते डॉक्टर ‘सब अच्छा है’ का म्हणायचे, ते त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. पण मी गाळलं काही नाही. रुक्मिणीने ते एकदाच ऐकलं. परत वाचा म्हणाली नाही. उठून गेली.

आठ दिवसांनी आली ती सरळ आत येऊन माझ्या टेबलापाशी बसली. वडील खिडकीत होते.

“एक पत्र लिवचा आसा. दादाच्या नावान.”

“काय लिहू?”

“लिवा, तुझी बायल मेली. तापान. धा दिस पडान होती नि मेली.”

मी पेन खाली ठेवलं. “वेडी आहेस का तू? मी असलं काही लिहिणार नाही.”

“कित्याक?”

“खोटं आहे म्हणून. तो तिकडे तुझ्यासाठी थांबलाय.”

“थांबलो म्हणानच लिवा म्हणतंय. आवशीक दिसना नाय, खोली मिळना नाय, गुडघो दुखता. हय येवक ते लोक सोडूचे नाय. माझ्यापायी पडवीत कित्याक मरात?”

“आणि तुझं काय?”

“माझा काय?” ती म्हणाली. “दीड महिनो मी कुकवाशिवाय काढलंय. जगाक येता, बाई. तुमच्यामुळेच कळला माका. पैल्या आठ दिसांत वाटला मरतंय. मग बाजारात जाऊन बसलंय. तेकाय जमात.”

मी नाही नाहीच म्हणत राहिले. माणसाच्या भावनांशी असं खेळू नये, तो कोसळेल, उद्या सुटका झाली आणि परत आला तर काय, असं काय काय बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं.

“तुमच्या कागदान तो एकदा मेलो,” ती शांतपणे म्हणाली. “मग माका मारूक तुमचा पेन कित्याक अडता?”

खिडकीतून वडील म्हणाले, “कुमुद, लिही.”

मी लिहिलं. चिनी पत्रलेखनाचं एक जुनं पुस्तक माझ्याकडे होतं. त्यात बापाच्या मृत्यूचं पत्र कसं लिहावं, आईच्या, थोरल्या भावाच्या, असे लांबलचक नमुने होते. बायकोच्या मृत्यूचा नमुना चार ओळींचा. मी तो उतरवला, ताप घातला, दहा दिवस घातले, खाली भिकाजीचं नाव. रुक्मिणीने स्वतःच पाकीट चिकटवलं. भिकाजीला सांगितलं तेव्हा तो गावी जा वगैरे काही बोलला नाही. फक्त माझं नाव दुसऱ्या कोणी लिहायला नको, सही मी करतो, म्हणाला. म्हणून पाकीट परत फोडून त्याने मराठीत सही केली.

मेच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं. महाराष्ट्र झाला होता, मुंबईसह. गिरगावात तोरणं अजून उतरली नव्हती, लोक एकमेकांना पेढे भरवत होते, आणि भिकाजी शिवाजी पार्कवर ओरडून ओरडून घसा बसवून घेऊन बहिणीबरोबर आला होता. पत्र त्याच्या नावाने होतं. पण तो दाराबाहेर जिन्याशी जाऊन उभा राहिला. रुक्मिणी टेबलापाशी बसली. हिरव्या बांगड्या, कुंकू. मेलेली बाई स्वतःच्या सांत्वनाचं पत्र ऐकायला अशी बसलेली मी दुसरी पाहिली नाही.

दुखवट्याची जी ठरीव वाक्यं असतात त्यातलं मिस्त्रीने एकही लिहिलं नव्हतं. तुम्ही तिच्यासाठी केलंत त्याचं ऋण आहे, म्हणाला होता. मग पुढे: ती कालवणात आंबट जास्त घालायची. मी कधी बोललो नाही, कारण मला सवय झाली आणि आता बिनआंबटाचं जेवण जात नाही. ती भांडायची ती मी बोलावं म्हणून, हे मला ठाऊक होतं. तिचा आवाज ऐकावा म्हणून मी मुद्दाम गप्प राहायचो. हे तिला सांगायचं राहिलं. तिची उंची कमी म्हणून फळीला हात पोचावा यासाठी मी एक पाट उंच करून दिला होता, तो एखाद्या ठेंगण्या बाईला द्या, उंच बाई त्याला अडखळेल. आणि भाऊ, खोलीतल्या कपाटाची डावीकडची खालची बिजागरी ढिली आहे. निघायच्या दिवशी घट्ट करायची राहिली. जो कोणी आता तिथे राहील त्याच्यासाठी ती नीट करून द्या. दार पायावर पडेल.

खाली सही होती. आणखी काही नाही.

पुढे त्या वर्षांतला चीनचा इतिहास मी कागदपत्रांतून वाचला. ‘सगळ्यांची चूल एक’ या वाक्यामागे खेड्यापाड्यांत किती माणसं उपाशी मेली ते वाचलं, त्यावर लिहिलंही. मिस्त्री त्यातून वाचला की नाही, त्याने लग्न केलं की नाही, त्याला खोली मिळाली की नाही, मला माहीत नाही. विचारायची सोय आम्हीच बंद केली होती. मेलेली बाई पत्र कसं लिहिणार, आणि भिकाजीच्या नावाने पुढे पाठवलेलं एक पत्र उत्तराशिवाय राहिलं. माझ्या हातून एक श्री राहिली नसती तर तो परत आला असता, की तरीही यादीतून गळला असता, हा हिशेब मी अजून सोडवू शकलेले नाही.

त्या दिवशी मी पत्र खाली ठेवलं तेव्हा बाहेर लेझीम चालू होतं. मला वाटलं, रुक्मिणी आता परत वाचा म्हणेल. जिन्यावरून भिकाजीने बसक्या आवाजात विचारलं, “रुक्मे, खयची बिजागरी म्हणता तो? मी उद्या येवन घट करतंय.”

“नको,” ती म्हणाली. “इतकी वरसां ती तशीच आसा. मी कोणाक हात लावूक देवूक नाय. तो येवन करतलो म्हणान ठेवलेली.”

आणि मग ती रडली.